पाठ नसलेला कोट

बन्सीने सुई ओवली आणि टाके मी घातले. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम हे एवढंच. दुपारचे चार वाजले असतील. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, मला सुईचं नेढं दिसत नाही, आणि त्याच्या हाताला आयुष्यात सरळ टाका जमला नाही. स्टुडिओतल्या कोटाची डावी नाडी तुटली होती, ती लावायची होती. सुई ओवताना तो लहान पोरासारखी जीभ बाहेर काढत होता.

मी म्हटलं, "जीभ आत घाल बन्सी, नाही तं शिवून टाकीन."

"शिवा मास्टर," तो म्हणाला. "लोकायले तेवढाच आराम."

तो कोट मीच शिवलेला. घाटंजीत माझं टेलरचं दुकान आणि त्याचा फोटोचा स्टुडिओ भिंतीला भिंत लावून होते. मी चौथी शिकलेला माणूस, पण कपडे हजारो शिवले आणि एकाही कपड्याबद्दल मान खाली घालायची वेळ आली नाही, हा कोट सोडून. या कोटाला पाठच नाही. पुढून कॉलर, खिसे, तीन बटणं, सगळं साहेबी, मागून उघडा. तान्ह्या पोराच्या झबल्याला असतात तशा दोन नाड्या. गिऱ्हाईक जाडं असो का काडी असो, पुढून लावायचा, मागे गाठ मारायची, झाला साहेब. माप सांगायला आला तेव्हाच मी त्याला म्हटलं होतं, असलं काम माझ्या दुकानात होत नाही.

"कापड वाचते मास्टर. फोटोले पाठ कुठं असते?"

"फोटोले नसते, माणसाले असते."

"मंग माणसाले म्हणीन, भिंतीले टेकून राह्य."

असा हा माणूस. तीस वर्षं शेजारी होता. त्याच्याबद्दल लिहायला बसलो तर चांगलं काय लिहावं ते अजून सुचलेलं नाही. जे होतं ते लिहितो.

बन्सी घाटंजीपासून दोन कोसांवरच्या तांड्यातला. बापाने बैलांमागे पाठवलं तर हा बैलाच्या डोळ्यात स्वतःचं तोंड बघत बसायचा, असं तोच सांगायचा. खोटंही असेल. तो खोटं फार बोलायचा, आणि गरज नसताना बोलायचा. तांड्यातल्या बायांच्या चोळीवर आरसे असतात, तसे त्याच्या आईच्या, म्हणजे याडीच्या, चोळीवरही होते. "याडी चूल फुकाले बसली का मले एका चुलीच्या वीस चुली दिसे," म्हणायचा. "तवापासून मले एक वस्तू एक दिसतच नाही." मी म्हणायचो, डोळ्याच्या डॉक्टरकडे जाय मग.

त्याचा कॅमेरा लाकडाचा, तीन पायांवरचा. काळ्या कापडात डोकं घातलं की आतल्या काचेवर समोरचा माणूस उलटा दिसतो, डोकं खाली, पाय वर. त्यावरून त्याने एक वाक्य धरून ठेवलं होतं. कोणी म्हटलं, "बन्सीभाऊ, एक सरळ फोटो काढा नं," की हा म्हणणार, "मले तुम्ही सगळे उलटेच दिसता. मंग मी सरळ कायले काढू?" गिऱ्हाईक हसायचं. भिंतीपलीकडून मी ते वाक्य तीस वर्षं ऐकलं. एकदाही हसलो नाही.

सरळ फोटो त्याला येतच नव्हता, असं माझं आजही मत आहे. अर्जाला लावायचा फोटो काढला तर माणसाचा एक कान गायब. पण वाकडं काम सांगा! जावई स्वतःच्याच तळहातावर उभा. सोड्याच्या बाटलीत बसलेली नवरी. कापसाच्या फुटलेल्या बोंडातून डोकी काढणारे जुळे. एका ग्रामसेवकाचं मुंडकं ताटात, बाजूला कांदा-लिंबू, आणि ते ताट हातात धरून उभा तोच ग्रामसेवक. सगळी कारागिरी ब्लेडची, गोंदाची आणि आतल्या अंधाऱ्या खोलीची. लोक त्यासाठी पार महागावहून यायचे. पायात धड चप्पल नाही असा माणूस पैसे देऊन स्वतःचं मुंडकं ताटात घालून घ्यायचा आणि घरी नेऊन दारावर लावायचा. मला त्या लोकांची कीव यायची आणि याची किळस. टेलरच्या धंद्यात छाती अडतीस तर अडतीस लिहावी लागते. हा मात्र माणूस दोन इंचांचा करायचा आणि वांगं सहा फुटांचं.

माझी बायको वच्छला मात्र हसायची. दुपारी काज-बटणाचं काम घेऊन ती दुकानात बसायची. भिंतीपलीकडे त्याची बडबड सुरू झाली की मला हसू दिसू नये म्हणून दोरा ओठात धरायची. मला दिसायचं.

त्याची एक खोड तिला फार आवडायची. नवराबायकोचा फोटो काढला की तो ओली निगेटिव बाहेर आणायचा आणि रस्त्याच्या उजेडात धरायचा. आताच्या पोरांनी निगेटिव पाहिलेली नसते, म्हणून सांगतो. तिच्यात सगळं उलटं असतं. काळे केस पांढरे दिसतात, गोरं तोंड काळं. बन्सी नवरदेवाला म्हणायचा, "पाह्य बापू, म्हातारपणी असा दिसशील." मग नवरीला म्हणायचा, "अन् हे तू. पाहून घे, अजून टाइम हाये, पसंत नसंल तं सांग." ती दोघं लाजून एकमेकांच्या मागे लपायची. एवढ्याशा चेष्टेवर त्याचं घर चाललं असतं, पण त्याला घर नव्हतं. लग्न केलं नाही. स्टुडिओतल्या बाकावर झोपायचा, शर्टाला कधी चार बटणं नसायची. टेलरच्या शेजारी राहून!

मग ती वर्षं आली. कापसाला भाव मिळेना, लग्नं पुढच्या साली, त्याच्या पुढच्या साली अशी ढकलली जाऊ लागली. माझ्याकडे नवं कापड येईना. लोक जुन्या पँटी उसवून पोरांच्या मापाच्या करायला आणू लागले. बन्सीकडे बोंडात बसायला कोणी येईना. त्याच्याकडे दुसरंच काम येऊ लागलं आणि ते वाढतच गेलं. मेलेल्या माणसांचे फोटो.

घरात माणसाचा एक धड फोटो नसतो. असतो तो रेशनकार्डावरचा, नाही तर कोणाच्या वरातीत गर्दीत निघालेला, बोटाच्या पेराएवढा. तो घेऊन बाप यायचा, भाऊ यायचा, म्हणायचा, "मोठा करून द्या. अंगात कोट घाला." जिवंतपणी कोटाला हात लावला नाही असली माणसं, मेल्यावर कोटात. ही रीत आमच्याकडे कोणी पाडली माहीत नाही. बन्सी एकदा माझा तो बिनपाठीचा कोट घालून स्वतःच कॅमेऱ्यासमोर बसला होता. त्या निगेटिववर आपल्या डोक्यावर त्याने लाल रंग फासला. असा रंग लावला की कागदावर तेवढी जागा कोरी येते. त्या कोऱ्या जागेत ज्याचं त्याचं डोकं मोठं करून, कापून चिकटवायचं, जोडावर ब्रश फिरवायचा आणि त्याचा परत फोटो काढायचा. त्याचा डावा खांदा उतरलेला होता. तेव्हापासून आमच्या भागातल्या सगळ्या मेलेल्या पुरुषांचा डावा खांदा उतरलेला आहे.

एक दिवस एक बाप आला. त्याच्या हातातला फोटो बन्सीनेच दीड वर्षापूर्वी काढलेला होता. नवरदेवाचा. मी भिंतीपलीकडे मशीन थांबवलं.

"तुमच्याच इथं काढलता भाऊ," बाप सांगत होता. "पोरगा घरी येऊन हसून हसून सांगे, फोटोवाल्यानं मले म्हातारा करून दाखवलं म्हणे."

बन्सीने स्टूल पुढे ओढल्याचा आवाज आला. "बसा" म्हणाला, तेवढं ऐकू आलं.

त्या दिवसापासून त्याने ओली निगेटिव कधी बाहेर आणली नाही. म्हातारपणाचं ते वाक्यही कोणाला म्हटलं नाही. वच्छला मला म्हणाली, "पाह्यलं? त्याले लागलं." मी म्हटलं, "बरं झालं. एवढ्या वर्षात काही तं लागलं."

त्याच सुमारास शहरातून एक फोटोवाला आला, गळ्यात दोन कॅमेरे. तेव्हा तसले खूप यायचे. त्यांना कापूस पाहिजे असायचा आणि रडकी तोंडं. बन्सीच्या भिंतीवरचे फोटो पाहून हा गृहस्थ जागीच उभा राहिला. काहीतरी इंग्रजीत बोलला, मग मराठीत म्हणाला की परदेशात अशा कामाची प्रदर्शनं भरतात, तुम्ही कलावंत आहात. मला वाटलं, आता हा फुगून फुटतो. बन्सी म्हणाला, "बसा नं साहेब, तुमचाबी काढतो." आणि साहेबाचं मुंडकं ताटात घातलं, कांदा-लिंबासकट. साहेब खूश. निघताना हळूच म्हणाला, "मला एखाद्या घरी न्या ना. जिथे नुकतंच कोणी गेलंय अशा."

"थे नाई जमत," बन्सी म्हणाला.

"का? तुम्ही तर त्यांचेच फोटो करता."

"मी कोट घालून देतो. तुम्ही काय घालून द्याल?"

उत्तर वाईट नव्हतं. पण पुढे आठ दिवस तो ते रस्त्यावरच्या प्रत्येकाला थांबवून सांगत फिरला, त्यामुळे त्याचीही माती झाली.

आता मी मूळ गोष्टीकडे येतो. माझं त्याच्याशी वाकडं त्यापायीच आहे.

बोरी अरबला माझा साडू राहतो. त्याच्याकडे गेलतो, तर तो मला शेजारच्यांकडे चहाला घेऊन गेला. भिंतीवर त्या घरातल्या म्हाताऱ्याचा आणि म्हातारीचा फोटो, दोन्ही हार घातलेले, शेजारी शेजारी. म्हाताऱ्याच्या अंगात माझा कोट. ते मला नवीन नव्हतं. म्हातारीकडे बघितलं आणि हातातली बशी खाली ठेवली. तिच्या पोलक्याच्या डाव्या बाहीला आतल्या अंगाने चार बोटांचा जोड होता. कापड कमी पडलं म्हणून तो जोड मी घातलेला होता. टेलर गिऱ्हाईकाचं नाव विसरेल, पण आपला जोड विसरत नाही. मग हात पाहिले. उजव्या मनगटावर इस्त्रीचा डाग. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी दुकानातली कोळशाची इस्त्री लागली होती, तो.

मी उठून उभा राहिलो. "हे माही बायको होय!"

घरमालक बघतच राहिला. "कोण?"

"हे. फोटोतली."

"काका, ऊन लागलं का तुमाले? थे आमची माय होय."

"मानेच्या वर तुही माय असंल. मानेच्या खाली माही बायको होय!"

त्याचे दोन भाऊ आतून बाहेर आले. साडूने मला दंडाला धरून ओढत बाहेर काढलं. परत येताना सबंध रस्ता मी एसटीत हिशेब लावत होतो की पुरुषांच्या मानेखाली बन्सीचं धड आणि बायांच्या मानेखाली माझ्या बायकोचं धड, म्हणजे घरोघरच्या भिंतींवर हा आणि माझी बायको जोडीने हार घालून टांगलेले आहेत.

उतरलो तो सरळ स्टुडिओत. त्याने नाकारलं नाही. "वयनीले विचारून केलं," म्हणाला. "बाया फोटोले बसल्या का आंग चोरतात. वयनीवानी सरळ कोणाले बसता येत नाही. मी तं म्हटलं तुमाले माहीत असंल."

तिचा तो फोटो मला माहीत होता. एका दिवाळीला नवं पोलकं शिवलं तेव्हा तिला हौसेने बसवलं होतं. पण पुढचं माहीत नव्हतं. घरी जाऊन वच्छलेवर ओरडलो. ती तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"त्या बायायनं जिवंतपणी कधी जरीचं पातळ नेसलं नाही," ती म्हणाली. "मेल्यावर माहं नेसलं तं तुमचं काय गेलं?"

"तू त्याच्या बाजूले टांगेल हायेस, त्याचं काय?"

तेव्हा ती जी हसली! दोरा नव्हता ओठात धरायला. मला म्हणाली, "मंग तुम्ही बसले असते कोट घालून. तुमालेच लाज वाटे."

दोन महिने मी बन्सीशी बोललो नाही. आमच्या भिंतीत एक भोक होतं, त्यातून तो चहाला हाक मारायचा. ते मी चिंध्या कोंबून बुजवलं. त्या चिंध्या एक दिवस वच्छलेनेच उपसून काढल्या आणि त्यांचं पायपुसणं केलं.

ती गेली तेव्हा तिच्या डोक्यात एक केस पांढरा नव्हता. पोटात दुखतं म्हणाली, यवतमाळला दवाखान्यात नेलं, पंधरा दिवसांत सगळं आटोपलं. आम्हाला मूलबाळ नाही. तेरवीला पाटावर ठेवायला फोटो पाहिजे होता. मतदानाच्या कार्डावर तिच्या नावावर भलत्याच बाईचा फोटो छापून आला होता, तो शेवटपर्यंत दुरुस्त झाला नाही. आयुष्यात तिचा एकच फोटो निघालेला, बन्सीने काढलेला. त्याचा चेहऱ्यासकट निघालेला एकच कागद या शहाण्याने डोकी बसवायचा सराव करताना कापून टाकला होता, आणि निगेटिववर तिच्या चेहऱ्याच्या जागी लाल रंग. फोटोवाल्याच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या माणसाच्या बायकोच्या तेरवीला फोटो नव्हता. मी पाटावर तिचं ते पोलकं घडी करून ठेवलं. बाहीचा जोड वर येईल असं.

दुसऱ्या दिवशी बन्सी काखेत कागद घेऊन आला. तिचं धड, आणि कोऱ्या जागेत त्याने आपल्या हाताने ब्रशने चेहरा काढलेला.

"हे कोण?" मी विचारलं.

"वयनी."

"हे वयनी नव्हे. हे कॅलेंडरातली बाई होय. घेऊन जाय."

तो जागचा हलला नाही. मी म्हटलं, "तो लाल रंग धुऊन काढ नं."

"धुतल्या जाते मास्टर. पण लय वर्सं झाले. पाणी लागल्यावर एखाद्या वेळी निगेटिवचं कातडंच सुटून येते. मंग तोंडही गेलं अन् रंगही गेला. एकदाच करता येते. आलं तं आलं. नाही आलं तं तुम्ही मले काय म्हणाल?"

"आता म्हणतो तेच म्हणीन."

धुतलं नाही. आज हात थरथरतो, उद्या पाणी खराब, परवा उजेड नाही. दोन वर्षं. जावयाला तळहातावर उभा करणारा हा बहाद्दर, याला एक निगेटिव धुवायची छाती नव्हती. मधल्या काळात समोर कंप्युटरचा स्टुडिओ निघाला. तिथे कोट तयारच मिळतो, काळा, निळा, टायसकट, आणि कोणाचाच खांदा उतरलेला नसतो. बन्सीकडे जायचं लोकांचं कारण संपलं. तरी एखादी म्हातारी गेली की आडगावचं कोणी यायचं, जुन्या ओळखीने. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा तो माझ्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "वयनीचं धड वापरू का नको?" मी मशीनवरून वर न बघता म्हटलं, "तिनं सांगतलं नं तुले. नेसू दे."

या दोन वर्षांत माझं जे होत होतं ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. मला तिचा चेहरा आठवेना. नाक आठवायचं, कपाळावरचा देवीचा वण आठवायचा, ओठात धरलेला दोरा तर अगदी लख्ख. पण सगळं मिळून तोंड होईना. कापड कापून ठेवलेलं, सगळे तुकडे समोर, आणि शिवायला घेतलं की जुळत नाहीत, असं. सकाळी उठलो की पहिलं काम तेच करून बघायचो. रोज काहीतरी कमीच निघायचं. हे असंच चाललं तर एक दिवस नाकही जाईल, ही मला भीती होती.

तर त्या दुपारी कोटाला नाडी लावून झाली. मी दोरा दातांनी तोडला. म्हटलं, "आता कोण घालते हा कोट? कायले नाडी लावून राह्यला?"

"असू द्या. लागते कधी."

मी उठायला लागलो तर तो म्हणाला, "मास्टर, उद्या सकाळी येजा. वयनीचं धुतो."

"दोन वर्सं काय करत होता?"

"भेत होतो."

"अन् आता?"

तो कोट खुंटीला लावत होता. पाठ माझ्याकडे. "आता मलेबी याद येत नाही थे कशी दिसे. पयले वाटे, धुताना गेलं तं गेलं, मनात हाये. आता मनातूनच चाललं."

मी चपला पायात सरकवल्या. तो पुढे म्हणाला, "येताना कापूस आणजा. मऊ पायजे, सरकी-कचरा नको."

"या जिल्ह्यात राहून कापूस मागून राह्यला लेकाचा," मी म्हटलं आणि घरी आलो. त्याला बोललेलं माझं शेवटचं वाक्य हे.

सकाळी उठलो. तिच्या उशीची एका बाजूची शिवण उसवली आणि आतून मूठभर कापूस काढला. घरात तोच सगळ्यात मऊ होता. शिवण परत घातली नाही, सुई कोण ओवणार? कापूस रुमालात बांधला आणि स्टुडिओवर गेलो. शटर अर्धं वर होतं. बन्सी बाकावर आडवा, एक पाय खाली लोंबत. मला वाटलं झोपला. हाक मारली, शिवी दिली, मग हात लावला. गार होता.

टेबलावर सगळं मांडून ठेवलेलं. स्टीलच्या ताटात पाणी, वर झाकण. शेजारी निगेटिवचं पाकीट, पुसलेलं. आदल्या संध्याकाळीच तयारी करून ठेवली होती त्याने. सगळं केलं, फक्त धुतलं नाही. तिथेही भ्यालाच.

चहावाल्याला सांगून तांड्यात निरोप धाडला. तोवर रस्त्यावरचे लोक येऊन डोकावणार होते आणि याच्या शर्टाला दोनच बटणं. पोट उघडं. मी खुंटीवरचा कोट काढला. मेलेल्या माणसाला कपडा घालणं किती जड जातं ते मला वच्छलेच्या वेळी कळलं होतं; उचलावं लागतं, हात वाकवावे लागतात. या कोटाला काहीच लागलं नाही. वरून पसरला, बाह्या चढवल्या, कडा अंगाखाली सारल्या, नाड्या पाठीखालून ओढून गाठ मारली. तिन्ही बटणं लावली. डावा खांदा बरोबर बसला. तो कोट बेतला तेव्हापासून त्याच्याच मापाचा होता.

त्याचे पुतणे टेंपो घेऊन आले. थोरला म्हणाला, "काका, हा कोट काढून घ्या, तुमचा असंल."

"राहू दे," मी म्हटलं. "त्याचाच होय."

टेंपो गेला. मी ताट आणि पाकीट उचललं आणि भिंतीच्या अलीकडे, माझ्या दुकानात आलो. मशीनवरचं कापड बाजूला केलं. पोस्टकार्डाएवढी निगेटिव पाण्यात सोडली. शंभर आकडे मोजले. मग तिच्या उशीचा कापूस ओला केला आणि त्या लाल रंगावरून फिरवला, लोकरीवरचा डाग काढतात तसा, न दाबता, एकाच दिशेने. कापूस गुलाबी झाला. तो टाकला, दुसरा घेतला. ताटातलं पाणी लाल झालं. एका कडेला कातडं सुटायला लागलं, जोडाच्या बाहीपाशी. तिथे हात थांबवला, ती बाही जाऊ दिली. वर सरकलो. कापूस कोरा निघू लागला तेव्हा निगेटिव दोन्ही हातांच्या चिमटीत धरून दारात आलो आणि उजेडात वर केली.

केस सगळे पांढरे. तोंड उन्हातून आल्यासारखं काळं. कपाळावर पांढरं कुंकू, त्याच्या शेजारी तो वण. दोन्ही बुबुळं पांढरी, माझ्यासारखीच, मोतीबिंदू पिकलेली. नाक होतं, ओठ होते, आणि सगळं मिळून तोंड होत होतं. म्हातारी झालेली वच्छला सरळ बसून माझ्याकडे बघत होती.

मी तिला म्हटलं, "बन्सी गेला वं."